बिघाडाची बदली

जुन्या गाडीतला बिघाड कधी जात नाही. त्याची बदली होते. कायम झालेल्या सरकारी नोकराप्रमाणे त्याला कुणी काढू शकत नाही. फारच आरडाओरडा झाला तर त्याला कार्बोरेटरमधून उचलून डेल्कोत बसवतात, तिथून तक्रारी आल्या की ब्रेकच्या सिलिंडरमध्ये. सेवा अखंड चालू राहते आणि निवृत्तीची तारीख कुणालाच ठाऊक नसते.

हे मी त्राग्यानं म्हणत नाही. प्रीमियर पद्मिनी नावाची वस्तू घरात दीर्घकाळ बाळगली की माणसाचा त्रागा संपतो आणि तत्त्वज्ञान सुरू होतं. शिवाय या सिद्धान्तामागे शास्त्र आहे. गाडीचे सगळे भाग एकत्र म्हातारे होतात, एकमेकांना सांभाळून घेत. रेडिएटरचा रबरी पाइप कुठेतरी चिरलेला असतो, तिथून थोडी वाफ निसटते, त्यामुळे आत पुरता दाब कधी चढतच नाही आणि रेडिएटरचे जुने सांधे तग धरून राहतात. आपण हौसेनं नवा पाइप घालतो. नवा पाइप दाब धरतो, तो दाब रेडिएटरवर जातो आणि रेडिएटर सांध्यात उसवतो. रेडिएटर करून आणला की पाण्याच्या पंपाचं सील जातं. हेड खोललं, व्हॉल्व्ह घासून बसवले, नवं गॅस्केट टाकलं, की वरच्या मजल्यावर कॉम्प्रेशन सुधारतं आणि खाली झिजलेल्या रिंगा निळा धूर सोडायला लागतात. काल रात्रीपर्यंत गुण्यागोविंदानं गळणारी गाडी दुरुस्तीनंतर आजारी पडते, ती अशी.

आमचे मेस्त्री हे एका वाक्यात सांगतात. "साहेब, एकाला शहाणं केलं की बाकीचे वेडे ठरतात."

गाडी 1977 सालची, बाबांनी घेतलेली. कागदोपत्री पद्मिनी, पण घरात, गल्लीत आणि गॅरेजात तिला फियाटच म्हणतात. मूळची ती इटलीचीच. तिकडे 1100 डी हे मॉडेल 1962 साली आलं आणि चार वर्षांत त्यांनी ते गुंडाळलंही. आपण ते 1964 साली कुर्ल्याच्या कारखान्यात हाती घेतलं आणि शतक संपत आलं तरी सोडलं नाही. वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी. तिनं आधी गोलगरगरीत पाठीची आणि उलट उघडणाऱ्या दारांची 'डुक्कर फियाट' बनवली, मग ही. इटलीवाल्यांशी करार संपल्यावर 1974 साली गाडीला चितोडच्या राणीचं नाव मिळालं. राणी म्हटल्यावर मर्जी सांभाळणं ओघानंच आलं.

परवान्यांचा काळ होता. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. घरात गाडी यायच्या आधी तिच्यासाठी जागा ठरे, तिच्यावर घालायचं कापड शिवून होई, आणि ती आल्यावर तिच्यात पुढे कोण बसणार यावरून भावंडांत एकदोन भांडणंही होऊन गेलेली असत. एवढी वाट पाहिलेल्या वस्तूत दोष काढण्याची कुणाची छाती नव्हती. पाऊस आत येई. बाबा म्हणत, काच नीट लावली नसेल.

लालबहादूर शास्त्रींनी पंतप्रधान असताना घेतली तीही फियाटच. किंमत 12,000 रुपये. जवळ 7,000 होते, उरलेल्या 5,000 साठी त्यांनी पंजाब नॅशनल बँकेचं कर्ज काढलं. ते फिटायच्या आत ताश्कंदला त्यांचं निधन झालं आणि राहिलेलं कर्ज त्यांच्या पत्नी ललितादेवींनी आपल्या पेन्शनमधून फेडलं. साधेपणाचा आणि सचोटीचा धडा म्हणून ही हकीकत सांगतात आणि तो आहेच. पण फियाट बाळगणाऱ्याला तिच्यात आणखी एक ओळखीची खूण दिसते: या गाडीचा खर्च मालकापेक्षा जास्त जगतो.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदवली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून 30 ऑक्टोबर 2023 पासून काळीपिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. त्या आठवड्यात सगळीकडे गहिवर दाटला. छायाचित्रं आली, आठवणी आल्या, एखादी तरी टॅक्सी संग्रहालयात ठेवा अशा मागण्या आल्या. माझा या गहिवराला आक्षेप नाही. पण गहिवरणाऱ्यांपैकी बहुतेकांनी फियाट मागच्या सीटवरून पाहिली होती. मागच्या सीटवरून फियाट फार छान दिसते.

पुढच्या सीटवरून काय दिसतं ते मेस्त्रींना विचारावं. ते शाळेत किती शिकले ते मी कधी विचारलं नाही, पण ऐकण्याचं शिक्षण त्यांचं पुरं झालेलं आहे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. गॅरेजातली पोरं तेवढा वेळ पाने खाली ठेवतात.

"टॅपेट वाजतंय."

"मेस्त्री, मला तर सगळंच वाजतंय असं वाटतं."

"सगळं वाजतंयच. टॅपेट बेसूर वाजतंय."

त्यांच्याकडे कामाचे दोनच प्रकार आहेत. पहिला 'दोन मिनिटांचं काम'. याला गाडी संध्याकाळपर्यंत ठेवून जावी लागते. दुसरा 'बघावं लागेल'. हे शब्द ऐकले की माणसानं घरी फोन करून पुढच्या आठवड्यातलं लग्न रिक्षानं गाठायचं ठरवून टाकावं. खर्चाचा आकडा मात्र ते कधीही आधी सांगत नाहीत, आणि याचं कारण लबाडी नाही. 1977 सालच्या यंत्राला खोलल्याशिवाय आत काय निघेल हे सांगणं म्हणजे न पाहता कुंडली वर्तवणं, आणि ते काम करणारे लोक शेजारच्या गल्लीत वेगळे बसतात.

मेस्त्रींच्या पुतण्यानं अलीकडे स्कॅनर घेतला आहे. नव्या गाडीत स्टिअरिंगच्या खाली एक खाच असते. तिच्यात तो खुपसला की गाडी आपल्या व्यथा आकड्यांत सांगते. पुतण्या एकदा ते यंत्र घेऊन आमच्या फियाटभोवती फिरला. दार उघडलं, वाकला, डॅशबोर्डखाली हात घालून चाचपलं, हाताला लागलेली माती झटकली, आणि शेवटी विचारलं, "काका, हिचं कुठून बोलायचं?"

मेस्त्रींनी बॉनेटवर एक चापट मारली. आत काहीतरी सैल होतं ते खणखणलं.

"बोलली," ते म्हणाले.

गाडी रस्त्यात थांबली की तत्त्वज्ञानाचा सार्वजनिक वर्ग भरतो. पुण्यात उघडं बॉनेट पाहून सरळ निघून गेलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. "पेट्रोल आहे ना?" हा पहिला प्रश्न असतो आणि तो विचारणाऱ्याकडे बहुधा सायकल असते. दुसरा "पॉइंट साफ करा" म्हणून सांगतो. पॉइंट साफ करणं हा या इंजिनावरचा रामबाण उपाय आहे खरा, कारण ठिणगीचा सगळा कारभार डेल्कोतल्या त्या दोन बारीक टिकल्यांच्या उघडझापीवर चालतो. काजळी धरली की ठिणगी नाही. पॉलिश पेपरचा तुकडा त्यासाठीच खिशात असतो. तिसरा गृहस्थ मात्र खरा धोकादायक. तो निवृत्त असतो, थांबतो, बॉनेटवर प्रेमानं हात फिरवतो आणि म्हणतो, "आमच्याकडे एकोणसत्तरची होती." मग महाबळेश्वर. मग पसरणीच्या घाटात रात्री दिवे गेले तेव्हाची हकीकत. मग त्यांच्या साडूंची अँबॅसिडर आणि तिच्या तुलनेत फियाट कशी नाजूक पण चपळ. हे सगळं सांगून झालं की ते घड्याळ बघतात, "चालू द्या तुमचं," म्हणतात आणि निघतात. 'चालू' हा शब्द त्या क्षणी फार झोंबतो. धक्का मारायला मागे थांबतो तो सायकलवालाच.

घाटाची गोष्ट वेगळी. एक्स्प्रेस वे व्हायच्या आधी मे महिन्यात बोरघाट चढणाऱ्या फियाटींची एक रांग कडेला तोंड उघडून उभी असायची. टाकीत पेट्रोल, प्लगला ठिणगी, आणि तरी गाडी बंद. याला व्हेपर लॉक म्हणतात. चढणीवर इंजिन तापतं, त्याच्या अंगाला चिकटलेला पेट्रोलचा पंप तापतो, नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि द्रव ओढायला बनवलेल्या पंपाला वाफ काही ओढता येत नाही. भांडार भरलेलं, मुदपाकखाना पेटलेला आणि पंगत उपाशी. उपाय एकच: पंपावर ओला फडका टाकायचा आणि वाट बघायची. बाबा तो फडका निघतानाच भिजवून डब्यात ठेवत. शिंग्रोबाच्या देवळाशी नाणं टाकायची घाटातली रीत आहे. ज्या धनगरानं इंग्रजांना घाटाची वाट दाखवली अशी कथा सांगतात, त्याचं ते देऊळ. बाबांची श्रद्धा मोठी होती, पण थांबलेली फियाट पुन्हा निघेलच याची खात्री नव्हती, म्हणून ते चालत्या गाडीतूनच नाणं फेकत. नेम चुकल्यावर आईला पुढचा सगळा घाट काळजी.

डिकीत एक डबा कायम असतो. त्यात तार, एम-सील, सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या, कपड्याच्या साबणाची वडी आणि हळद. हळद पाहून नवखा माणूस कोड्यात पडतो. रेडिएटर बारीक गळत असला तर पाण्यात मूठभर हळद सोडतात. ती भोकापाशी जाऊन फुगते आणि तिथेच बसते. साबण पेट्रोलच्या टाकीसाठी. टाकी पाझरत असेल तर वडी तिथे घासून घासून भरायची, कारण साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. या दोन्ही विद्या कुठल्याही पुस्तिकेत छापलेल्या नाहीत आणि दोन्ही चालतात. मात्र सगळी हळद भोकापाशी थांबत नाही. उरलेली हळद रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसते, पाणी नीट फिरत नाही आणि गाडी तापायला लागते. बदलीचा हुकूम निघाला म्हणायचा. बायको या सगळ्याकडे फार शांतपणे बघते. घरातली हळद संपली की ती मला दुकानात पाठवत नाही, गाडीची किल्ली मागते.

आता सुट्या भागांकडे येऊ. इथे माणसाचा पुरुषार्थ लागतो. पुण्यात नाना पेठ, आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार. मुंबईत चोरबाजार आणि कुर्ल्याचा भंगार बाजार. ज्या कुर्ल्यात ती जन्मली त्याच कुर्ल्यात तिचे अवयव वजनावर मिळतात, हा योगायोग विचार करणाऱ्याला गप्प करणारा आहे. नाना पेठेतल्या दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला: "जुना पीस आणलाय?" फोटो चालत नाही, वर्णन चालत नाही, प्रत्यक्ष मेलेला भाग फडक्यात गुंडाळून न्यावा लागतो. तो हातात घेऊन दुकानदार उजेडात धरतो, फिरवतो, नखानं वरचं ग्रीस खरवडतो.

"ओरिजिनल पाहिजे का चांगला?"

हा प्रश्न मला प्रथम विनोद वाटला होता. तो नाही. ओरिजिनल म्हणजे कंपनीनं त्या काळी बनवलेला, खोक्यात इतकी वर्षं पडून कडक झालेला रबरी बुश. दिसतो अस्सल, आणि गाडीत घातल्यावर पहिल्याच खड्ड्यात चिरतो. चांगला म्हणजे दुसऱ्याच कुठल्या गाडीचा, मेस्त्रींनी खरादीकडून घासून आणला तर बसणारा. अस्सलपणा आणि उपयोग यांतलं एक निवडा, असं हे दुकान सांगतं. थोर थोर लोकांना आयुष्यात हाच प्रश्न पडला, पण त्यांना निदान काउंटरवर उभं राहून चटकन उत्तर द्यायचं नव्हतं.

एकदा गिअरच्या दांडीच्या जोडाचा तुकडा घेऊन गेलो होतो. या गाडीचा गिअर स्टिअरिंगला, आणि तिथून खाली गिअरबॉक्सपर्यंत दांड्या आणि सांध्यांची भली मोठी यात्रा. एक बुश झिजला की दुसरा गिअर मागताना चौथा मिळतो. दुकानदारानं तुकडा बराच वेळ पाहिला. त्याच्या चेहऱ्यावर आदर उमटला.

"हा माझ्याकडे नाही," तो म्हणाला. "पण तुम्ही हा विकणार का?"

असं करत करत गाडी बदलत गेली. इंजिनाला नवे पिस्टन आणि रिंगा. दोन दारं दुसऱ्या पद्मिनीची. समोरची जाळी तिसरीची, कार्बोरेटर चौथीचा. पत्रा कुजला तिथे डेंटरनं कापून नवा जोडला, त्यावर लांबी भरली, त्यावर रंग. सीट नव्यानं शिवल्या. काही वेळा सिग्नलला उभं असताना प्रश्न पडतो की बाबांनी घेतलेली गाडी यात नेमकी कुठे बसली आहे?

हा प्रश्न आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वी विचारून झालेला आहे, आणि तोही वाहनाबद्दलच. 'मिलिंदपन्ह' या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला भेटायला जातो. नागसेन विचारतो, महाराज, पायी आलात की रथानं? राजा म्हणतो, रथानं. मग आस म्हणजे रथ का? नाही. चाकं? नाही. सांगाडा, जू, लगाम? नाही, नाही, नाही. मग हे सगळं सोडून वेगळा रथ आहे का? तोही नाही. मग रथ कुठे आहे, महाराज? राजा निरुत्तर होतो आणि शेवटी कबूल करतो की या सगळ्यांच्या मेळाला व्यवहारात दिलेलं ते एक नाव आहे. बाबासाहेबांनी 1950 साली औरंगाबादला महाविद्यालय काढलं, त्याला मिलिंदाचं नाव दिलं आणि परिसराला नागसेनवन. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा दोघेही तिथे शेजारी आहेत.

राजा निरुत्तर झाला, कारण त्या काळी आरटीओ नव्हतं.

पंधरा वर्षं झालेल्या खासगी गाडीला दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. गाडी घेऊन जायचं, हरित कर भरायचा आणि निरीक्षकांसमोर उभं राहायचं. निरीक्षक दारं पाहत नाहीत, जाळी पाहत नाहीत, पिस्टन कुणाचे ते विचारत नाहीत. बॉनेटखाली पत्र्यावर ठोकलेला चासी नंबर असतो, तिथे कागद धरून वरून पेन्सिल घासली जाते. कागदावर आकडे उमटतात. ते नोंदणी पुस्तिकेतल्या आकड्यांशी जुळले की ही गाडी तीच. नागसेनानं चाक, आस, जू सगळं विचारलं. चासी नंबर विचारायचा राहून गेला. बौद्ध दर्शनाची केवढी वळणं एका शिसपेन्सिलीनं वाचली असती.

या नूतनीकरणाची फी बराच काळ 600 रुपये होती. 2022 साली ती 5,000 झाली, तीही 1 एप्रिलपासून, त्यामुळे बातमी खरी मानायला आमच्यासारख्यांना दोन दिवस लागले. 2025च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या मोटारींना 10,000. सरकारचा उद्देश सरळ आहे: जुन्या गाड्या धूर करतात, त्या भंगारात जाव्यात. उद्देश वाईट नाही. आमच्या गाडीमागे स्कूटरवर थांबलेल्या माणसाला विचारलंत तर तो फी आणखी वाढवायला सांगेल, आणि त्याचं बरोबर असेल.

पण कायद्यात पुढे एक गंमत आहे. नोंदणीला पन्नास वर्षं पूर्ण झाली की हीच गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. 2021 साली तसे नियम झाले. मग तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी पाटी मिळते. पहिली फी 20,000, ती दहा वर्षं चालते, पुढच्या खेपेला 5,000. म्हणजे पंधराव्या वर्षी उतारवय, त्यानंतर पस्तीस वर्षं भंगाराच्या उंबरठ्यावर, आणि पन्नासाव्या वाढदिवशी सकाळी उठल्यावर एकदम राष्ट्रीय वारसा. माणसांच्या बाबतीत एवढं औदार्य कुठल्या सरकारनं दाखवलेलं नाही.

अट अशी की गाडी मूळ रूपात असली पाहिजे, इंजिनात आणि सांगाड्यात मोठे फेरफार नकोत. म्हणजे नागसेन पुन्हा दारात उभाच. दुसरी अट तर वाचनीय आहे. व्हिंटेज गाडी रोजच्या कामाला वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, आणि पेट्रोल भरायला व दुरुस्तीला जाणं, एवढ्याच कारणांसाठी ती रस्त्यावर आणायची. हे मी मेस्त्रींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मग बदललं काय? आता कुठे जाते ती?"

खरंच आहे. पेट्रोल आणि दुरुस्ती. भाजी आणायला आम्ही चालतच जातो.

पेट्रोलवरून आठवलं, बिघाडाला अलीकडे एक नवं खातं मिळालं आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. उसापासून, मक्यापासून, तांदळापासून ते होतं. साखर कारखान्यांना त्याचा आधार झाला, तेलाची आयात वाचते, याबद्दल मला महाराष्ट्रात राहून वाईट बोलायचं नाही. पण 1977 साली आमच्या गाडीतल्या रबराला, नळ्यांना आणि पंपाच्या पडद्याला कुणी सांगितलं नव्हतं की पुढे असं काही प्यावं लागेल. इथेनॉल जुन्या रबराला मऊ करतं आणि हवेतलं पाणी शोषून घेतं. गाडी बरेच दिवस उभी राहिली तर ते पाणी टाकीच्या तळाशी जमतं आणि आतून गंज धरतो. मेस्त्रींनी पंपाचा पडदा काढून दाखवला. तो लिबलिबीत झाला होता. "साहेब, हिला मळी चढली," ते म्हणाले. पश्चिम महाराष्ट्रात उसापासून कोण सुटला आहे? सहकारी बँका, निवडणुका, पाणीवाटप, सगळीकडे तो पोचला होताच. राहिलं होतं आमचं कार्बोरेटर.

माझा मेव्हणा हिशेबी आहे. त्यानं एकदा आमच्याकडे जेवताना फियाटवरच्या खर्चाची तोंडी बेरीज केली आणि एवढ्यात नवी गाडी आली असती असं सिद्ध करून दाखवलं. बेरीज बरोबर होती. बायकोनं त्याला आणखी एक पोळी वाढली. त्याच्या स्वतःच्या नव्या गाडीनं तो परत जायला निघाला, तर पडद्यावर पिवळा दिवा लागला होता. दिवा कशाचा ते त्याला कळेना, मला कळेना. सर्व्हिस सेंटरला फोन केला. त्यांनी गाडी चालवू नका म्हणून सांगितलं, उद्या टोचणगाडी पाठवतो. गाडी दिसायला ठणठणीत होती, इंजिन कुजबुजत चालत होतं, पण तिनं आपण आजारी असल्याचं जाहीर केलं होतं आणि त्यापुढे कुणाचं चालेना. आमची तशी नाही. ती आजारी असल्याचं कबूलच करत नाही, थेट मरते. मग पॉइंट घासले की उठते. शेवटी मेव्हण्याला फियाटनंच सोडायला गेलो. चोक ओढला, किल्ली फिरवली आणि ती पहिल्या झटक्यात लागली. नव्या गाड्यांच्या मालकांना गाडी सुरू झाल्याचा आनंद म्हणजे काय ते ठाऊक नसतं. मेव्हण्याला त्या रात्री थोडा कळला असावा, कारण सिंहगड रस्त्यापर्यंत तो खर्चाबद्दल एक अक्षर बोलला नाही. पुढे त्रिकोणी काच उघडून त्यानं वारा अंगावर घेतला. परतताना सायलेन्सर सुटला, पण तेव्हा तो उतरलेला होता.

गाडी विकायची नाही, हे आधीच सांगून ठेवतो. दर दिवाळीत कुणीतरी विचारायला येतं. अलीकडे येतात ते तरुण असतात, त्यांना ती लग्नातल्या फोटोंसाठी हवी असते. त्यांना मी मेस्त्रींचा पत्ता देतो आणि तासभर तिथे बसून मग या असं सांगतो. परत कुणी आलेलं नाही.

तिची पन्नाशी आता जवळ आली आहे. मूळ रूपाचा प्रश्न निघेल तेव्हा चासी नंबर आहेच, बाकीचं नागसेन बघून घेईल. एकच अडचण आहे. मागच्या डाव्या दाराची काच वरखाली करायचं हँडल तुटलं आहे आणि सध्या तिथे पान्यानं काम भागवतो. नाना पेठ झाली, जुना बाजार झाला, कुर्ला झालं. वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर, कोनाड्यात, जुन्या डब्यात पद्मिनीचं हे हँडल पडून असेल तर कृपया कळवावं. ओरिजिनल नको. चांगलं असलं तर बघा.